राजा भोज : पन्हाळ्याचा विसरलेला धनी

पन्हाळ्याला गेला नाही असा पोरगा आपल्या होस्टेलात शोधून सापडायचा नाही. पहिल्या वर्षाला ऍडमिशन झाली, पहिला पाऊस पडला की सीनियर मंडळी नव्या पोरांना गाडीवर मागे घालून वर नेतात. धुक्यात भाजलेलं कणीस खायचं, बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी फोटो काढायचा, तीन दरवाजात ओरडून आवाज घुमतो का बघायचं, झुणका-भाकर हाणायची आणि मेस चुकवल्याच्या समाधानात परत यायचं. मीही चार वर्षांत किती वेळा गेलो त्याची मोजदाद नाही. पण तिसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात एक गोष्ट घडली. आमच्यात विदर्भाकडचा एक मित्र होता. तो वर अंबरखान्यापाशी उभा राहून सहज बोलून गेला, की हा किल्ला शिवाजी महाराजांनी बांधला ना? आमच्यातला कोल्हापूरचा गडी लगेच छाती फुगवून म्हणाला, छे, छे, राजा भोजनं बांधला! मग त्या विदर्भवाल्यानं विचारलं, भोज तर धारचा, माळव्यातला. तो इकडं कशाला किल्ला बांधायला येईल?

झालं! आम्ही सहाजण, त्यातले तिघे खास कोल्हापूरचे, आणि एकालाही उत्तर आलं नाही. कोल्हापूरकराला उत्तर येत नाही म्हणजे किती नामुष्की हे ज्याचं त्यालाच कळतं. परत आल्यावर मी लायब्ररीत जाऊन बसलो (हे वाचून लायब्ररीवाल्या सरांना आश्चर्य वाटेल, पण खरं आहे). त्या दिवसापासून जे काही वाचलं, पाहिलं, विचारलं त्यातून या माणसाची जी गोष्ट मला लागली ती इथं सांगतोय.

आधी घोटाळा निस्तरतो. राजा भोज दोन. पहिला माळव्यातल्या धारचा, परमार घराण्यातला, अकराव्या शतकातला. विद्वान, ग्रंथकार, भोपाळजवळ मोठा तलाव बांधणारा. कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली ही म्हण बहुतेक लोक त्याच्याशीच जोडतात. दुसरा आपला. शिलाहार घराण्यातला, बाराव्या शतकाच्या शेवटचा. तो या घराण्यातला दुसरा भोज, म्हणून इतिहासात भोज दुसरा. पन्हाळ्यावरही गंगू तेल्याची एक दंतकथा सांगतात आणि म्हण इथलीच म्हणतात, पण तो आपल्या गावच्या अभिमानाचा भाग झाला. दोघांच्या मध्ये सव्वाशे वर्षांचं अंतर आहे.

आता शिलाहार कोण? दहाव्या शतकापासून आपल्या भागात या नावाच्या तीन शाखा राज्य करत होत्या. एक ठाण्याकडं उत्तर कोकणात, एक दक्षिण कोकणात आणि तिसरी आपली, कोल्हापूरची. तिघेही स्वतःला तगरपुराचे धनी म्हणवत. तगर म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. म्हणजे मूळ गाव सोडून पिढ्या लोटल्या तरी आडनावासारखं गावाचं नाव मिरवायचं, हा आपला जुना स्वभाव दिसतो. आणि मूळ पुरुष म्हणून ते सांगत जीमूतवाहनाचं नाव. हा विद्याधरांचा राजपुत्र. गरुड रोज एक नाग खायचा, तेव्हा एका नागाच्या बदल्यात या जीमूतवाहनानं स्वतःला गरुडापुढं वाढून ठेवलं, अशी कथा. हर्षाचं नागानंद नाटक याच कथेवर आहे. शिलाहारांच्या झेंड्यावर सोन्याचा गरुड असायचा. ही गरुडाची गोष्ट जरा ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

कोल्हापूर शाखेचं राज्य साधारण इ.स. ९४० पासून १२१२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पावणेतीनशे वर्षं. आजचा कोल्हापूर, सांगली, सातारा, बेळगावचा काही भाग आणि घाटाखालची कोकणपट्टी एवढा मुलूख. कुलदेवता महालक्ष्मी. तिच्या वरप्रसादानं राज्य मिळालं असं ते आपल्या लेखांत आवर्जून कोरत. आपण पहिल्या सेमिस्टरच्या निकालाआधी जिच्या दारात लाईन लावतो तीच अंबाबाई!

पण हे सगळे राजे पूर्ण स्वतंत्र नव्हते. वर कल्याणीचे चालुक्य बसलेले. शिलाहार त्यांचे महामंडलेश्वर. आपल्या भाषेत सांगायचं तर संलग्न कॉलेज. कारभार आपला, फी आपण गोळा करायची, पण सर्टिफिकेटवर सही विद्यापीठाची. चालुक्यांशी सोयरीकही होती. कऱ्हाडची शिलाहार राजकन्या चंद्रलेखा ही चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याला दिली होती. तिचं स्वयंवर बिल्हण या काश्मिरी कवीनं आपल्या विक्रमांकदेवचरितात रंगवलंय. कुठलं काश्मीर आणि कुठलं कऱ्हाड! त्या काळात माणसं फिरत नव्हती असं आपल्याला उगाच वाटतं.

भोजाचे आजोबा गंडरादित्य. या माणसाबद्दल स्वतंत्र लेख लिहायला हवा. मिरज भागात इरुकुडी नावाच्या गावी त्यानं एक मोठं तळं बांधलं, त्याला स्वतःच्या नावावरून गंडसमुद्र म्हटलं आणि त्याच्या काठावर शंकर, बुद्ध आणि जिन अशा तिघांची स्थापना केली, तिघांनाही जमिनी दिल्या. हे कुणी भाषणात सांगितलेलं नाही, १११० च्या ताम्रपटात आहे. त्याचाच सामंत निंबदेव. हा जैन, पण महालक्ष्मीचाही भक्त. त्यानं कोल्हापुरात जैन मंदिरं बांधली. शुक्रवार दरवाज्याकडच्या ११३५ च्या शिलालेखात लिहिलंय की गावोगावच्या व्यापाऱ्यांची पेठ जमली आणि सगळ्यांनी मिळून मालावर ठराविक पट्टी मंदिरासाठी द्यायचं कबूल केलं. पान-सुपारीसुद्धा त्यातून सुटली नाही. म्हणजे कोल्हापूरची बाजारपेठ गुळाच्याही आधीची आहे, आणि पट्टी वसूल करायची परंपराही!

भोजाचा बाप विजयादित्य. याच्या काळात वरचं विद्यापीठच डळमळीत झालं. चालुक्यांचा एक सरदार, कलचुरी बिज्जल, यानं ११५७ च्या सुमारास आपल्याच धन्याचं सिंहासन बळकावायला घेतलं. विजयादित्यानं या उलथापालथीत बिज्जलाला हात दिला असं शिलाहारांचे लेख सांगतात. आता हा शहाणपणा होता का? माझ्या मते अर्धा. धनी बदलला तर आपल्याला मोकळीक मिळेल हा हिशोब बरोबर होता. पण सरदारानं धन्याला काढायचं हा पायंडा एकदा पडला की तो तिथंच थांबत नाही, हे त्याच्या मुलाला भोगायला लागलं.

११७५ च्या सुमारास भोज गादीवर आला.

त्या वेळचा दख्खनचा नकाशा डोळ्यासमोर आणा. कलचुरींचं राज्य बिज्जलानंतर वीस वर्षंही धड टिकलं नाही. चालुक्यांचा शेवटचा सोमेश्वर परत गादीवर आला, पण ११८९ च्या आसपास तोही संपला. त्या जागेवर दोन मोठे पैलवान उतरले. उत्तरेला देवगिरीचा यादव भिल्लम, दक्षिणेला द्वारसमुद्राचा होयसळ बल्लाळ. दोघांची झटापट झाली, भिल्लमाला मार बसला, कृष्णा-मलप्रभेच्या आसपास सीमा हलत राहिली. आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात आपला भोज, शेजारी सौंदत्ती-बेळगावचे रट्ट. मोठ्या दोन पोरांच्या भांडणात मधल्या बाकावर बसलेल्या पोरासारखी अवस्था. अशा वेळी सामान्य माणूस काय करतो? ज्याचं पारडं जड त्याच्याकडं सरकतो. भोजानं ते केलं नाही. वरचा धनीच उरला नाही तर आपण कुणाचे मांडलिक, असं म्हणून त्यानं महामंडलेश्वरपद बाजूला ठेवलं आणि राजाधिराज, परमेश्वर, परमभट्टारक अशी सम्राटांनी लावायची बिरुदं स्वतःला लावली. त्यावर कडी म्हणजे पश्चिमचक्रवर्ती! म्हणजे पश्चिमेचा सार्वभौम. संलग्न कॉलेजनं एका रात्रीत बोर्ड बदलून स्वतःला विद्यापीठ जाहीर केलं.

बिरुदांवर हसू नये. त्या काळात ती नुसती शोभा नव्हती. महामंडलेश्वराला वर खंडणी द्यावी लागे, लढाईला फौज घेऊन जावं लागे. परमभट्टारक म्हणवून घेणारा माणूस सरळ सांगत होता, की आता मी कुणाला काही देणार नाही. तीन-चार जिल्ह्यांचा राजा हे बोलत होता, आणि ज्यांना ऐकवत होता त्यांच्याकडं त्याच्या कितीतरी पट फौज होती.

मग त्याच्याकडं होतं काय? किल्ले.

परंपरा सांगते की भोजानं पंधरा किल्ले बांधले. पन्हाळा, विशाळगड (जुनं नाव खेळणा), बावड्याचा गगनगड, भुदरगड, रांगणा, साताऱ्याचा अजिंक्यतारा, वाईकडचा पांडवगड, चंदन-वंदन... यादी सांगणाऱ्याप्रमाणे थोडी बदलते. पंधराच्या पंधरा त्यानंच पहिल्यापासून बांधले असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. काही आधीचे असतील, त्यानं दुरुस्त केले असतील. पण ही नावं घेऊन नकाशावर खुणा करून बघा. आम्ही रूमवर भिंतीला महाराष्ट्राचा नकाशा लावून टाचण्या टोचल्या होत्या. बहुतेक टाचण्या सह्याद्रीच्या कड्यावर किंवा कड्याच्या अलीकडं एका ओळीत पडतात. विशाळगड आंबा आणि अणस्कुरा घाटाच्या बाजूला. गगनगड बावड्याच्या घाटाच्या डोक्यावर. रांगणा कुडाळकडं उतरणाऱ्या वाटेवर. खाली राजापूर, खारेपाटण ही खाडीवरची जुनी बंदरं. बंदरातून माल बैलाच्या पाठीवरून घाट चढून वर येणार, कोल्हापूर-मिरजेच्या पेठेत जाणार. घाटाच्या तोंडावर ज्याचा किल्ला त्याची जकात. भोजाला मैदानात यादवांशी टक्कर घेता येणार नव्हती हे त्याला पुरतं ठाऊक असावं. म्हणून त्यानं मैदान सोडून डोंगर धरला. चारशे-साडेचारशे वर्षांनी याच डोंगरांच्या भरवशावर शिवाजी महाराजांनी आदिलशाहीला घाम फोडला. कल्पना तीच, माणसं आणि वेळ वेगळी.

सिव्हिलच्या मित्रांसाठी पन्हाळ्याबद्दल दोन शब्द. कोल्हापूरहून वायव्येला वीस किलोमीटर. आसपासच्या सपाटीपासून चारशे मीटर उंच. तटाची लांबी सात किलोमीटरच्या वर. एवढा मोठा घेर अडवायला माणसं खूप लागतात, ही त्याची कमजोरी. पण माथ्यावर पाणी आहे, शेती करता येईल एवढी सपाटी आहे, आणि चारी बाजूंना कातळाचे कडे आपोआप तटाचं काम करतात. पायथ्याच्या गावात तळ टाकून बसलेल्या फौजेला वर काय चाललंय ते दिसत नाही, वरच्याला मात्र त्यांची प्रत्येक चूल दिसते. धुकं नसलं तर. पावसाळ्यात मात्र दोघेही आंधळे! १६६० च्या पावसाळ्यात सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निसटले ते याच धुक्या-पावसाच्या आडोशानं, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे.

भोजाच्या आधीच्या शिलाहारांच्या लेखांत मुक्कामाचं ठिकाण म्हणून बऱ्याचदा वळवाड येतं. भोजाच्या काळात नाव येतं प्रणालक. तेच पर्णाल, तेच पन्हाळा. राजधानी गावातून डोंगरावर गेली याचा अर्थ एकच, की राजाला धोका दिसत होता.

भोज कसा होता हे सांगायला त्याचं एकही चित्र नाही, पुतळा नाही. आहेत ते दगड आणि तांबं. त्यातला मला सगळ्यात आवडलेला पुरावा कोल्हापुरात नाही, कोकणात आहे. राजापूर तालुक्यात कशेळी गावी कनकादित्याचं, म्हणजे सूर्याचं, जुनं देऊळ आहे. त्या देवळात भोजाचा ताम्रपट जपून ठेवलेला आहे. शके १११३ चा, म्हणजे इ.स. ११९१. पन्हाळ्यावर राज्य करणाऱ्या भोजानं कशेळी गावाचं उत्पन्न बारा ब्राह्मणांच्या रोजच्या जेवणासाठी लावून दिलं, अशी त्यात नोंद आहे. आणि हे दान राजानं कुणाच्या विनंतीवरून दिलं? त्याच्या मुलाच्या. मुलाचं नाव गंडरादित्य, पणजोबाचं नाव.

जरा थांबून विचार करा. बाप परमेश्वर-परमभट्टारक म्हणवतोय, डोंगराच्या रांगेवर किल्ले उभे राहिलेत, समुद्रापर्यंत हुकूम चालतोय, आणि तरणा राजपुत्र बापाकडं एका गावाची मेस चालू करायची मागणी करतोय. (मेसवर लेख लिहिणाऱ्यांनी नोंद घ्यावी, ही मेस बरीच वर्षं चालली असणार.) ११९१ साली या बापलेकांना वाटलं असेल की हे घराणं अजून दोनशे वर्षं चालेल. ताम्रपटात तसंच लिहायची पद्धत असते, चंद्र-सूर्य असेपर्यंत. चंद्र-सूर्य आहेत, ताम्रपटही आहे. हा गंडरादित्य मात्र कधी गादीवर बसला नाही. त्याच्या बापाबरोबरच राज्य संपलं.

त्याच सुमाराचे, शके १११२ ते १११५ मधले, दानाचे लेख कोल्हापुरातही आहेत. देवाची पूजा, मठ, ब्राह्मणभोजन यासाठी जमिनी. राजे दान देतात ते पुण्यासाठी, हे झालंच. पण नवा सम्राट झालेल्या माणसाला लोकांनी सम्राट म्हणून ओळखावं लागतं, आणि दानपत्रावर बिरुदांची ओळ कोरली की गावोगाव ती वाचली जाते. एका दगडात दोन कामं.

भोज शैव-वैष्णवांना देतो म्हणून जैनांना विसरला असं नाही. आजरा आपल्यापैकी बऱ्याच जणांना घनसाळ तांदळामुळं माहीत. तेव्हा त्याचं नाव आजुरिका. तिथं गंडरादित्यानं, म्हणजे भोजाच्या आजोबानं, त्रिभुवनतिलक नावाचं जिनालय बांधलं होतं. तिथं बसून सोमदेव नावाच्या जैन मुनीनं १२०५ साली शब्दार्णवचंद्रिका हा संस्कृत व्याकरणावरचा ग्रंथ पुरा केला. ग्रंथाच्या शेवटी त्यानं आपण कुठं, कधी, कुणाच्या राज्यात लिहिलं ते नमूद केलंय. त्यात भोजाची सगळी बिरुदं आहेत, पश्चिमचक्रवर्तीसकट. व्याकरण लिहिणारा माणूस शांतपणे आजऱ्याच्या जंगलात बसून शब्दांचे नियम मांडतोय, म्हणजे १२०५ पर्यंत राज्यात बरी शांतता होती असं धरायला हरकत नाही. तीस वर्षं राज्य करून झालेलं. राजा आता म्हातारपणाकडं झुकलेला असणार.

आणि इथून पुढं फक्त सात वर्षं.

देवगिरीला यादव सिंघण गादीवर आला होता. यादवांच्या सगळ्या राजांत हा सर्वात जबरदस्त. त्यानं ठरवलं असावं, की कृष्णेच्या दक्षिणेला जायचं तर मागं पन्हाळ्यासारखा काटा ठेवून चालणार नाही. १२१२ च्या सुमारास त्यानं भोजाचा पराभव केला आणि पन्हाळा घेतला. पुढं यादवांचा मंत्री हेमाद्री (मोडी लिपीच्या आणि हेमाडपंती देवळांच्या संदर्भात आपण नाव ऐकतो तोच) यानं आपल्या ग्रंथात यादव राजांची प्रशस्ती लिहिली. त्यात सिंघणानं भोजाला कैदेत टाकल्याचं सांगितलंय. ज्यानं पंधरा किल्ले बांधल्याची ख्याती त्याच्या नशिबी शेवटी कैद आली.

सिंघणाच्या लेखांतल्या एका बिरुदात तर भोजाला पन्हाळ्यात राहणारा नाग म्हटलंय आणि सिंघणाला त्या नागाला पळवून लावणारा गरुड! आता ती सुरुवातीची गोष्ट आठवा. ज्या घराण्याचा मूळ पुरुष नागासाठी गरुडापुढं आडवा झाला, ज्याच्या झेंड्यावर सोन्याचा गरुड, त्याच्या शेवटच्या राजाला जिंकणाऱ्यानं नाग ठरवलं आणि गरुड स्वतःकडं घेतला. यादवांचंही चिन्ह गरुडच होतं, त्यामुळं त्यांच्या कवीला फार डोकं खाजवावं लागलं नसेल. पण हे ज्यानं लिहिलं त्याला शिलाहारांच्या झेंड्यावर काय आहे ते नक्की माहीत असणार. हरलेल्याचा मुलूख तर घ्यायचाच, पण त्याची गोष्टही काढून घ्यायची, असा हा प्रकार मला वाटतो.

१२०५ साली आजऱ्यात भोज चक्रवर्ती आहे. आणि शके ११३६, म्हणजे १२१३-१४ साली खिद्रापुरात सिंघण राजा आहे. तो लेख अजून जागेवर आहे.

खिद्रापूर पाहिलं नसेल तर डिग्री घेऊन गाव सोडायच्या आत एकदा बघा. कुरुंदवाडच्या पुढं, कृष्णाकाठी, कर्नाटकच्या हद्दीला टेकलेलं गाव. तिथलं कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं. पुढच्या बाजूला स्वर्गमंडप आहे. त्याचं छत मधोमध गोल उघडं, खाली त्याच मापाची गोल शिळा, आणि भोवती बारा खांबांचं रिंगण. सिमेंट नाही, सळई नाही. दगडावर दगड नुसत्या वजनानं बसवलेत. आमच्या स्ट्रक्चरच्या सरांनी तिथं उभं राहून छताचा भार खांबांवर कसा उतरतो ते सांगितलं होतं. वर्गात सहा महिने जे डोक्यात शिरलं नव्हतं ते दहा मिनिटांत शिरलं. त्या देवळाच्या दक्षिणेकडच्या दाराशी सिंघणाचा संस्कृत लेख आहे. मिरज भागातलं कूडलदामवाड नावाचं गाव त्यानं कोपेश्वराला दिल्याची नोंद. मांडीवर वही ठेवून मी त्यातली ओळखीची अक्षरं लावायचा प्रयत्न केला. अक्षरं नागरी, त्यामुळं मधेच एखादा शब्द लागतो आणि अंगावर काटा येतो. देऊळ शिलाहारांचं, सही यादवांची. भोजाच्या हयातीत किंवा त्याच्या मरणानंतर लगेच कोरलेली. १२१८ चा सिंघणाचा लेख तर थेट अंबाबाईच्या देवळात आहे. नव्या धन्यानं देवी बदलली नाही, देऊळ बदललं नाही, देणगीदाराचं नाव तेवढं बदललं.

२०१९ च्या महापुरात खिद्रापुरात पाणी शिरलं होतं. आठशे वर्षांत असे किती पूर आले गेले असतील. दगड उभा आहे. पण पाण्यानं जेवढं होत नाही तेवढं आपल्या लोकांनी होतं. कुठल्याशा एका जुन्या देवळात (नाव सांगत नाही) मी कोरीव लेखावर ऑइलपेंटचे दोन हात मारलेले पाहिलेत. रंगवणाऱ्याची भावना चांगली असणार, देऊळ स्वच्छ दिसावं. पण खालची अक्षरं बुजली. त्याच्याच शेजारी खडूनं कुणीतरी बदाम काढून त्यात दोन इंग्रजी आद्याक्षरं लिहिली होती, ती मात्र स्वच्छ वाचता येत होती.

आपल्याला हे सगळं आज माहीत आहे ते ज्यांनी हे दगड वेळेत वाचले त्यांच्यामुळं. रा. गो. भांडारकरांनी एकोणिसाव्या शतकात दख्खनचा इतिहास लिहिताना शिलाहारांची वंशावळ लावली. आपल्याच राजाराम कॉलेजचे प्राध्यापक कुंदणगार यांनी कोल्हापूर संस्थानातले शिलालेख गोळा करून १९३९ साली छापले. बरेचसे लेख कानडीत, काही संस्कृतात, त्यामुळं दोन्ही येणारा माणूसच हे करू शकत होता. आणि १९७७ साली महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी तिन्ही शिलाहार शाखांचे लेख एका जाड ग्रंथात आणले. हे काम म्हणजे ज्याच्या ड्रॉइंगचा कागद हरवलाय असं मशीन सुट्या पार्टवरून परत जोडायचं. एक पार्ट कशेळीत, एक आजऱ्यात, एक खिद्रापुरात, एक शुक्रवार दरवाज्याला.

परवा एका लेखात इंग्लंडमधल्या मर्सिया नावाच्या जुन्या अँग्लो-सॅक्सन राज्याबद्दल वाचलं. तिथं ऑफा नावाचा राजा होऊन गेला, आठव्या शतकातला. त्यानं वेल्सच्या हद्दीवर मैलोन्‌मैल मातीचा बांध घातला. राज्य केव्हाच गेलं, पण बांध अजून ऑफाच्या नावानं ओळखला जातो. लोक त्याच्यावरून पायी चालत जातात. मला लगेच आपल्या टाचण्या टोचलेल्या नकाशाची आठवण झाली. ऑफाची एक रेघ सलग, भोजाची तुटक, डोंगराच्या टोकाटोकांवरून गेलेली. फरक एवढाच की भोजाच्या रेघेवर नंतर बहमनी आले, आदिलशाही आली, मराठे आले आणि प्रत्येकानं तिच्यावर आपली रेघ ओढली. पन्हाळ्यावर आज आपण जे पाहतो, तीन दरवाजा, अंधारबाव, बुरूज, त्यातलं बहुतेक बहमनी-आदिलशाही काळातलं किंवा त्याही नंतरचं. गाईड सगळंच भोजाच्या नावावर खपवतात ते बरोबर नाही. भोजाचा म्हणून असा एक अख्खा दरवाजा दाखवता येत नाही. जागा मात्र त्यानं निवडली, आणि नंतरच्या कुणालाही ती निवड बदलावीशी वाटली नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात पन्हाळा आहे. बातमी आली तेव्हा आमचा जुना व्हॉट्सऍप ग्रुप पेटला होता. सगळे नोकरीला लागून चौकडे पांगलेले, पण पन्हाळा म्हटल्यावर जागे झाले. तो विदर्भवाला मित्र आता पुण्यात आहे. त्यानं विचारलं, यादीत तुमच्या भोजाचं नाव आहे का रे? मी म्हटलं, मराठ्यांच्या यादीत त्याचं नाव कसं असणार. त्यावर त्यानं लिहिलं, मग परत एकदा वर जाऊ या, या वेळी तू सांग.

जायचं ठरलंय. मी कशेळीमार्गे यायचं म्हणतोय, पण बाकीच्यांना कणीस आधी पाहिजे.